गाठी मारलेल्या तारा

सर मला मॅनेजर म्हणायचे. निपाणीच्या शाखेत मी साधी क्लार्क होते, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, आणि हे मी त्यांना दोन-तीनदा सांगूनही पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "आज न्हाय तर उद्या होशील की. तवा परत नाव कुठं बदलत बसू?" मग मी तो नाद सोडला. सकाळी वरच्या खोलीतून जिना उतरायला लागले की खालून आवाज यायचा, "मॅनेजर, जरा शेडात ये. एक रंग सांग आणि मग जा बँकेला."

रंग सांगायचा, कारण सरांचे दोन्ही डोळे साखरेच्या आजारात गेले होते. मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायला आले त्याच्या आधीच बरीच वर्षं. तरी चष्मा मात्र ते रोज लावायचे. अंघोळ झाली की काचा पुसायच्या, चष्मा नाकावर बसवायचा आणि मगच चहाला बोलवायचं. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "चष्मा नसला की मला नीट ऐकू येत न्हाय." हे ते इतक्या सरळ तोंडानं बोलले की हसावं की नाही ते मला कळेना. सैपाकघरातून आक्का, सरांच्या बायको, म्हणाल्या, "खरं हाय ते. चष्मा काढला की माझं एक ऐकत न्हाईत."

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. दोघंही निवृत्त. मुलगा पुण्याला. घर साधंच, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सरांच्या वर्गांचे जुने फोटो, आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडात ती गाडी. जुनी अँबेसेडर, पहिल्या-पहिल्या काळातली, गोल तोंडाची, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. रंग एके काळी मलईसारखा असावा. मी पाहिली तेव्हा तिच्यावर गोधड्या वाळत घातलेल्या होत्या.

गाडीची गोष्ट सरांनी मला शेडातच सांगितली, गाडीला वीज करून देणारा डायनामो मांडीवर घेऊन. ती गाडी मूळची तंबाखूच्या एका व्यापाऱ्याची. सरांचे वडील त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत हमाल होते. गाडीचं सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला फिरवणारी मोटर, सारखं रुसायचं. मग वखारीतून हमालांना हाक मारली जायची. "माझ्या बापानं ही गाडी लई ढकलली," सर म्हणाले. "आत कसली हाय ते त्याला ठावं नव्हतं. मागनं कशी दिसती ते मात्र पाठ होतं."

पुढं व्यापाऱ्यानं नवी गाडी घेतली आणि ही मोडीत काढायला निघाला, तेव्हा सर नोकरीत स्थिरावले होते. त्यांनी ती मागून घेतली. वडिलांना पुढच्या सीटवर बसवून पहिल्यांदा फिरायला नेलं. स्तवनिधीच्या घाटाच्या चढाला गाडीनं मान टाकली. सरांनी चावी फिरवली. नुसताच टक असा आवाज. ते पुन्हा चावी फिरवतात तोवर शेजारचं दार उघडलं होतं आणि धोतर खोचून वडील मागं उभे राहिले होते. दोन्ही हात गाडीच्या पाठीला लावून.

"मी म्हटलं, आप्पा, तुमी बसा. तर म्हणाले, तू चावीचं बघ, मी हाय हिथं."

सरांनी डायनामोचं झाकण चाचपलं. मग म्हणाले, "तवापास्नं मी कुठल्याबी गाडीत आधी सेल्फ बघतो. बाकीचं मागनं."

डोळे गेल्यावर गाडी उभी राहिली. उंदरांनी तारा खाल्ल्या, डायनामोचे कार्बन झिजून खपल्यांसारखे उरले. चालणारी गाडी असती तर मुलानं ती कधीच विकून टाकली असती. बंद असल्यानं वाचली. आणि मी राहायला गेले त्या हिवाळ्यात सरांनी एकाएकी जाहीर केलं, की गाडीची सगळी इलेक्ट्रिक कामं ते स्वतः करणार. इंजिनाचं काम त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं, त्याचं स्टँडजवळ गॅरेज होतं. तो म्हणाला, "सर, तयार वायरिंग मागवू या, नवीन पद्धतीचं. डायनामो काढून आल्टरनेटर टाकतो, एका दिवसात मोकळे." सर म्हणाले, "मला जे हाताला वळकू येतं तेच पायजे. तुझं नवीन मला दिसणार न्हाय."

अशी सुरुवात झाली. आक्कांनी गोधड्या दुसरीकडे वाळत घातल्या आणि कपाळाला आठी घातली, ती पुढं कित्येक महिने तशीच राहिली.

सरांची काम करायची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, शाळेत निघाल्यासारखे. शेडात स्टूल टाकून बसायचे आणि एकेक तार बोटांवरून ओढत न्यायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच थांबून तार कानाजवळ धरायची आणि वाकवायची. आतलं रबर सुकलेलं असलं की अगदी बारीक कुर्र असा आवाज यायचा. "ऐकलंस? वरनं कापड चांगलं हाय, पण आतनं म्हातारी झाली. वाकवल्याबिगर कळत न्हाय." की ती तार काढायची. जळका वास ते नाकानं शोधायचे. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्रत्येकाचा वास त्यांच्या लेखी वेगळा. टॉर्चचे सेल जिभेला लावून बघायचे, त्यावरून आक्कांचा रोजचा ओरडा.

रंगांचं काम माझ्याकडं. जुन्या तारा सगळ्या मातीच्याच रंगाच्या दिसत. पेट्रोलचा बोळा फिरवला की खाली काहीतरी उगवायचं. मी शेडाच्या दारात उन्हात उभी राहून सांगायची, "तपकिरी."

"नुसता तपकिरी का त्यावर रेघ हाय?"

"रेघ आहे. हिरवी वाटते."

"वाटते म्हंजे? परीक्षेत असंच लिवलंवतंस काय?"

एकदा रंग ठरला की सर त्याचं त्यांच्या भाषेत रूपांतर करायचे. आक्कांच्या शिवणाच्या डब्यातला जाड दोरा घ्यायचा आणि नव्या तारेच्या टोकाला गाठ मारायची. हॉर्नला एक गाठ. उजव्या दिव्याला दोन. सेल्फच्या तारेला गाठींचा एवढा मोठा गुच्छ, की अंधारात कुणाचाही हात लागला तरी कळावं. हळूहळू डॅशबोर्डाखाली नव्या तारांची जुडी तयार झाली आणि तिला सगळीकडं दोऱ्याचे गोंडे लोंबायला लागले. गॅरेजवाला बघून म्हणाला, "सर, गाडी हाय का देवीला नवस बोललाय?"

सुटे भाग आणायला शनिवारी मी बेळगावला जायची. माझं घर खानापूरकडं, त्यामुळं जाता-येता बेळगाव पडायचंच. पण नुसतं नाव सांगून पार्ट आणलेला सरांना चालत नसे. जुना बरोबर न्यायचा आणि दुकानदाराला दोन्ही शेजारी ठेवायला लावायचे. एकदा डायनामोच्या आतला तांब्याच्या तारांचा जड गाभा मी जेवणाच्या पिशवीत घालून नेला. बसमध्ये पिशवी पायावर पडली आणि मी विव्हळले. कंडक्टरनं कानडीत विचारलं, काय आहे एवढं? मी म्हटलं, आमच्या घरमालकांचा जीव आहे. तो हसला, पिशवी उचलून त्यानं स्वतःच्या सीटखाली ठेवली आणि उतरताना आठवणीनं हातात दिली.

काढलेला कुठलाही भाग सर टाकून देत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी एक जागा केली होती. झिजलेले कार्बन, खड्डे पडलेले पॉइंट, फुगलेला कंडेन्सर, सगळे ओळीनं. "रिटायर स्टाफ," म्हणायचे. जुना कटआउट, बॅटरी किती भरायची ते ठरवणारा डबा, बदलला तेव्हा तर त्यांनी खरोखरीचा निरोप समारंभ केला. आक्कांना चिवडा करायला लावला. शेजारच्या दोन घरांना बोलावलं. सर शेडाच्या दारात उभे राहून हेडमास्तरांच्या आवाजात बोलले, की यांनी मालक बदलला तरी कामात कुचराई केली नाही, भारनियमनाच्या काळातही बॅटरी उपाशी ठेवली नाही, कधी रजा मागितली नाही. लोक चिवडा खात हसत होते. शेवटी सरांनी तो डबा दोन्ही हातांत घेऊन कट्ट्यावर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला. त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. सर इतकी काळजी का घेत होते? मुळात गाडीला दोनच फ्यूज होते. सरांनी हॉर्नला वेगळा, दिव्यांना वेगळा, वायपरला वेगळा असा प्रत्येकाला फ्यूज दिला. चांगली दिसणारी तारसुद्धा मनात थोडी शंका आली की काढायची. गॅरेजवाला म्हणायचा, "विमान करालाय काय सर?" आणि चालवणार तरी कोण होतं? आक्का गाडीच्या वाटेला जात नसत. त्या गाडीतून फिरत असत त्या काळातही त्या कायम मागं बसायच्या, हे सरांनीच मला सांगितलं होतं. टॅक्सी केल्यासारख्या.

दिवाळीला पुण्याहून मुलगा आला. चांगला मुलगा, वडिलांचा हात धरून बोलणारा. कोल्हापूरच्या कुणा हॉटेलवाल्याला दारात शोभेला अशी गाडी हवी होती, त्याला तो घेऊनच आला होता. हॉटेलवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, वायरिंग काढून टाकलं तरी चालेल, ती काय उभीच राहणार.

सर म्हणाले, "काम पुरं झाल्यावर बघू."

मुलगा त्यांना बाजूला घेऊन नाही, तर सगळ्यांसमोरच बोलला. "बाबा, मी चेष्टा करत नाही. शॉर्ट झालं आणि ती पेटली, तर तुम्हाला दारसुद्धा सापडणार नाही. मी तिकडं रात्री जागा होऊन हाच विचार करतो."

सरांनी त्याचा हात थोपटला. "म्हणूनच सगळं बदलालोय रं," म्हणाले.

आणि पेटता पेटता राहिली ती त्यानंतर महिन्याभरातच. रविवार होता, सकाळची वेळ. बहुतेक तारा झाल्या होत्या. डॅशबोर्डाच्या अगदी मागं, पत्र्याच्या घडीत, एक जुना तुकडा राहिला होता. तिथं सरांचा हात पोचेना, माझाही नाही. दोन दिवस खटपट करून सर म्हणाले, राहू दे तेवढा, बोटाएवढा तर हाय. त्यांच्या तोंडून "राहू दे" मी पहिल्यांदाच ऐकलं. दमले होते.

त्यांनी बॅटरीच्या तारेची क्लॅम्प नुसती वर टेकवली, आवळली नाही. "पहिल्यांदा कधी आवळायची न्हाय," म्हणाले. मला आत बसवून चावी एक खटका फिरवायला सांगितली. मी फिरवली. लाल दिवा लागला. मी तोंड उघडून सांगणार, तेवढ्यात बाहेरून सर ओरडले, "उतर! खाली उतर!" मला काहीच दिसलं नव्हतं. वास त्यांना आधी आला होता. मी दार उघडून बाहेर पडले तेव्हा डॅशबोर्डाच्या फटीतून धुराची बारीक दोरी वर येत होती. सर बोनेटखाली वाकून क्लॅम्प शोधत होते. ती ओढताच निघाली, ठिणगी उडाली आणि मागं सरताना बोनेटची कड त्यांच्या कपाळाला लागली. रक्त भुवईवरून चष्म्याच्या काचेवर आलं. ते तसेच उभे राहून विचारत होते, "मॅनेजर, तू भाईर हाईस न्हवं? बोल की."

आक्का धावत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी सरांना हाताला धरून ओसरीवर बसवलं, शेडाला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि औषधाचा डबा आणला. जखम धुताना त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. आवाज मात्र हलत होता.

"कशापायी? मला एकदा सांगा. कुठं जायचं हाय तुमाला त्या गाडीनं?"

सर म्हणाले, "मला न्हाय जायचं."

"मग?"

"तू चालवायचीस."

आक्कांचा कापूस थांबला. मी पाण्याचं भांडं घेऊन उभी होते.

"गाडी घेतली त्या साली तू म्हणालीवतीस, मला शिकवा," सर म्हणाले. "शाळेच्या मैदानात नेलं तुला. गेटाच्या खांबाला जरा घासली. आणि मी पोरांसमोर ओरडलो तुझ्यावर."

"तुमाला आठवतंय व्हय ते?"

"तुला?"

"मी इसरले असते तर पुढं बसले असते की," आक्का म्हणाल्या. त्यांनी पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. "इतकी वर्सं काय झालंवतं मग?"

"डोळं हुते तवर मीच चालवत हुतो. गेले तवा ध्यानात आलं, घरात चालवणारं कुणी करूनच ठेवलं न्हाय मी. तुला माहेरला जायचं म्हटलं तर दोन एस्ट्या बदलाव्या लागत्यात." सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, रक्त आणखीच पसरलं. "मी बसणार असतो तर जुनी तारबी चालली असती. तू बसणार म्हणून सगळी काढली. आन एक ठेवली तर तिनंच दावलं."

आक्कांनी पट्टीला गाठ मारली. दिवसभर त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी बँकेतून आले तर शेडाचं कुलूप उघडं होतं. आक्का ड्रायव्हरच्या सीटवर पाठीवर झोपून डोकं डॅशबोर्डाखाली घालून पडल्या होत्या, पाय दाराबाहेर. दातांत टॉर्च. हातात दवाखान्यातला लांब वाकडा चिमटा, जखमेत खोल गेलेला बोळा काढायचा. सर बाहेर स्टुलावर बसून, कपाळाला पट्टी, त्यांना सांगत होते, "डावीकडं. आनि जरा. घाई करू नकोस." चिमटा बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला तो काळा पडलेला तुकडा होता. आक्कांनी तो सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी तो कानाजवळ नेला नाही, वाकवलाही नाही. मूठ मिटून घेतली.

त्यानंतर काम तिघांचं झालं आणि भराभर झालं. आक्कांची बोटं बारीक, सवय अवघड जागेची. जोड देताना सर हात लावून बघायचे आणि म्हणायचे, "टाका चांगला पडलाय."

दिवे लावायची वेळ आली तेव्हा संध्याकाळ होती. बॅटरी जोडली. सर नाक वर करून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लाव." आक्कांनी आतून बटण ओढलं. शेडाची समोरची भिंत एकदम पिवळी झाली. मी म्हटलं, "सर, लागले, दोन्ही लागले." त्यांनी मान हलवली, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. चाचपत ते पुढं आले, वाकले आणि दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला. काच तापायला वेळ लागतो. ते तसेच वाकून थांबले. भिंतीवर त्यांच्या हाताची मोठी सावली पडली होती. मग चेहरा हळूहळू सैल झाला. दुसऱ्या दिव्याकडं गेले, तिथंही हात ठेवला. "हा जरा गार हाय," म्हणाले. "अर्थिंग परत बघू." आणि खरंच, मी पाहिलं तर तो दिवा थोडा मंद होता.

आक्का मोटार ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागल्या. क्लासात बाकी सगळी कॉलेजची पोरं. चिकोडीला जाऊन त्यांनी लायसन काढलं. पण शिकवणीची गाडी लहान आणि नवी. अँबेसेडर चालवणं वेगळंच काम. सर शेजारी बसायचे. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते जमावं म्हणून तोंडात सुपारीचं खांड धरून बसायचे. मी मागच्या सीटवर. गिअर कुरकुरला की सरांच्या दाढेखाली सुपारी कडकन वाजायची. एकदा आक्कांनी गाडी थांबवून म्हटलं, "बोला एकदाचं. दात पडतील." सर म्हणाले, "क्लच पुरा दाब." एवढंच. आणि पुन्हा तोंड मिटलं.

मुलगा उन्हाळ्यात आला तेव्हा आक्काच त्याला स्टँडवरून घेऊन आल्या. तो गाडीतून उतरला तो थेट पुढं गेला. बोनेट उघडून त्या दोऱ्याच्या गाठींकडं बघत उभा राहिला. हॉटेलवाल्याला त्यानं तिथूनच फोन केला, गाडीचं राहू दे म्हणून.

माझी बदली बेळगावला झाली, त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. सदलग्याला आक्कांच्या थोरल्या बहिणीला बरं नव्हतं. आक्का म्हणाल्या, गाडीनं जाऊन येऊ. सर तयार झाले, पांढरा शर्ट, चष्मा. जाऊन पुढच्या सीटवर बसले. आक्कांनी चावी फिरवली, सेल्फनं पहिल्याच दमात इंजिन उचललं. आणि सर दार उघडून खाली उतरले.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"तू जा एकटी."

"एकटी? सदलग्याला?"

"मी बसलो की तू निम्मी नजर माझ्या तोंडाकडं ठेवतीस. मला कळतंय ते." त्यांनी दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं. "रस्त्याकडं बघून चालव."

आक्का थोडा वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मग पदर खोचला आणि गाडी फाटकाबाहेर काढली, खांबाला न लागता.

सर फाटकाशी उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली, वळली. मला ती दिसेनाशी झाली, पण सर हात वर करून मला गप्प करत होते. त्यांना अजून ऐकू येत होती. "दुसरा टाकला," म्हणाले. मग, "व्हय. तिसरा." मग बराच वेळ काहीच नाही. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

"गेली," सर म्हणाले.

ते फाटकाला धरून तसेच उभे होते. मग माझ्याकडं तोंड करून, जरा ओशाळून म्हणाले, "मॅनेजर, चहा करशील काय? ती येस्तोवर काय करायचं असतं ते मला ठावं न्हाय."